लकव्याचं ‘२४ तासांचं’ इंजेक्शन, स्टेम सेल आणि जिभेखालची कॅप्सूल

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. वडील ६३ वर्षांचे, बीपीची गोळी आठवण झाली तर घेणारे. चार महिन्यांपूर्वी पहाटे उठवायला गेले तर उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडं, बोलणं बंद. गावातल्या डॉक्टरांनी बीपी १९०/११० बघून जिभेखाली कॅप्सूल पिळली. मग नातेवाइकांनी लकव्याचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे नेलं. बेळगावात आले ते तिसऱ्या दिवशी. सीटीत मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळीमुळे झालेला मोठा स्ट्रोक दिसला. आज काठी टेकत चालतात, हात कोपरापर्यंत उचलतात, बोटं उघडत नाहीत. मराठी शब्द सापडत नाहीत, पण मध्येच कन्नडात एखादं अख्खं वाक्य बोलून जातात. मुलानं विचारलंय : २४ तासांपर्यंत चालणारं नवं इंजेक्शन आलंय म्हणतात, ते बाबांना मिळालं असतं का? एका ठिकाणी स्टेम सेलचे (शरीरातल्या मूळ पेशी काढून परत देण्याचे) सव्वातीन लाख सांगितलेत, करावं का? आणि ‘नसांच्या ताकदीची’ महागडी गोळी चालू ठेवावी का?

मी बेळगावात मेंदूविकारांचं काम करतो त्याला आता सव्वीस वर्षं होतील. पैशाचा प्रश्न आधी घेतो, कारण तो अजून तुमच्या हातात आहे. स्टेम सेल करू नका. शेत गहाण टाकून तर मुळीच नको.

का, ते सांगण्याआधी औषधाची पारख कशी होते हे समजून घ्या. त्यासाठी लांब जायला नको. २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांचा एक अभ्यास आला होता. बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊन बायका दगावायच्या. मिसोप्रोस्टॉल नावाची स्वस्त गोळी तो थांबवते का, हे बघायचं होतं. १६२० बाळंतिणी घेतल्या. चिठ्ठी टाकावी तसं ठरवून निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली. कुणाला काय मिळालं हे देणाऱ्या नर्सबाईंनाही ठाऊक नव्हतं. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. या गोळीची वाट नंतर अनेक देशांतल्या बाळंतिणींपर्यंत पोचली, त्यात आपल्या जिल्ह्याचा वाटा आहे. ही चिठ्ठी टाकायची पद्धत नसती, तर ‘माझ्या हातून शंभर बायका वाचल्या’ असं सांगणारे दहा जण उभे राहिले असते आणि त्यातला खरा कोण हे कळायला मार्ग नसता.

स्ट्रोकमध्ये तर ही चिठ्ठी फारच लागते, कारण स्ट्रोकचा रुग्ण पहिले तीन ते सहा महिने आपोआपही सुधारत असतो. त्या काळात पाला द्या, तेल चोळा, कबुतराचं रक्त लावा (हे आपल्याकडे अजून चालतं, मी डोळ्यांनी पाहिलंय), सुधारणा दिसणारच. श्रेय मात्र शेवटी जे केलं त्याला मिळतं.

आता स्टेम सेल. ही चाचणी भारतातच झाली आहे. पाच केंद्रांत, १२० रुग्णांवर. स्ट्रोकनंतर पहिल्या महिनाभरात रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी काढून शिरेतून दिल्या, उरलेल्या निम्म्यांना दिल्या नाहीत. निकाल २०१४ मध्ये छापून आला : पेशी देणं सुरक्षित, पण सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक नाही. तेव्हापासून जगभर प्रयत्न चालू आहेत आणि कधीतरी काही हाती लागेलही. पण आज भारतातली २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत : रक्ताच्या काही आजारांसारखे मोजके मान्य उपयोग सोडले, तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच द्यायच्या. चाचणी असेल तर ती ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदवहीत असते, तिला क्रमांक असतो आणि रुग्णाकडून प्रायोगिक उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. तुम्हाला सव्वातीन लाख सांगणाऱ्यांना एवढाच क्रमांक विचारा. पुढचं बोलणं आपोआप आटपेल.

ताकदीच्या गोळीचंही तसंच. बाबांच्या प्रिस्क्रिप्शनमध्ये सिटिकोलिन लिहिलंय. मीही एके काळी लिहायचो. २०१२ मध्ये युरोपातल्या २२९८ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला : घेणारे आणि न घेणारे सारखेच. अपाय नाही, उपयोगही नाही. महिन्याचे ते दीड-दोन हजार रुपये फिजिओथेरपिस्टच्या गाडीभाड्याला वापरा. बीपीची, कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी मात्र याच प्रिस्क्रिप्शनमध्ये आहे. रागाच्या भरात तीही बंद कराल, असं करू नका.

एक गोष्ट माझ्या स्वतःच्या फसण्याची. २०११ मध्ये फ्रान्समधून बातमी आली की नैराश्यावरची फ्लुओक्सेटिन ही साधी गोळी लकव्याच्या रुग्णाचा हात-पाय लवकर सुधारते. ११८ रुग्णांचा अभ्यास, पद्धत चोख. मी खूश. स्वस्त गोळी, कुठल्याही मेडिकलात मिळणारी! पुढची सात वर्षं मी ती बऱ्याच जणांना दिली. मग ब्रिटनमधल्या ३१२७ रुग्णांचा निकाल आला, त्यापाठोपाठ आणखी दोन मोठ्या चाचण्यांचा. हाता-पायाच्या कामात काडीचा फरक नाही. उलट पडून हाड मोडण्याचं प्रमाण वाढलेलं. तेव्हापासून शंभर-सव्वाशे रुग्णांच्या आनंदाच्या बातमीवर मी लगेच उडी मारत नाही. तुम्हीही व्हॉट्सॲपवर ‘संशोधनाने सिद्ध’ असं वाचलंत की आधी किती माणसांवर, आणि तुलना कुणाशी, एवढं विचारा. अल्झायमर या विसरण्याच्या आजारावरच्या लेकॅनेमॅब इंजेक्शनचा इतका गाजावाजा झाला. १७९५ जणांवरची चाचणी खरी आहे, फायदाही खरा आहे, पण १८ महिन्यांनी तो १८ गुणांच्या मोजपट्टीवर ०.४५ गुणांचा होता, आणि दर आठामागे एकाच्या मेंदूत स्कॅनवर दिसणारी सूज. बातमीत पहिला अर्धाच भाग येतो.

आता मुख्य प्रश्न, २४ तासांचं इंजेक्शन.

ही अफवा नाही. तुमच्याकडे भातशेती असणार, म्हणून त्यातूनच सांगतो. मुख्य पाट तुंबला की सगळं शेत एकदम मरत नाही. पाटाच्या तोंडाशी असलेला पट्टा आधी करपतो. बाजूच्या बांधातून थोडं पाणी झिरपत असेल, तर बाकीचं भात मान टाकतं पण जिवंत राहतं. पाट वेळेत मोकळा केला तर तेवढं परत उभं राहतं. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की हेच होतं. झिरपा प्रत्येकाचा वेगळा. कुणाचं शेत दोन तासांत जळून जातं, कुणाचं पंधरा तास तग धरतं.

१९९५ साली गुठळी विरघळवणारं औषध पहिल्यांदा सिद्ध झालं ते ३ तासांसाठी. २००८ मध्ये मर्यादा साडेचार तासांवर गेली. २०१५ मध्ये जांघेतून तार घालून गुठळी ओढून काढण्याच्या चाचण्या एकामागून एक यशस्वी झाल्या. माझ्या आख्ख्या कारकिर्दीत एवढा मोठा फरक करणारी दुसरी गोष्ट मी पाहिली नाही. मोठी वाहिनी बंद असलेल्या दर अडीच-तीन रुग्णांमागे एकाचं अपंगत्व निदान एका पायरीने कमी होतं. तेव्हा घड्याळाऐवजी शेत बघायची कल्पना पुढे आली : किती करपलंय, किती अजून जिवंत आहे हे सीटी किंवा एमआरआयवर मोजायचं. २०१८च्या सुमारास ६ ते २४ तासांत आलेल्या, पण जिवंत भाग शिल्लक असलेल्या २०६ रुग्णांवर हे करून बघितलं. तार वापरलेल्यांतले ४९ टक्के तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू लागले, न वापरलेल्यांतले १३ टक्के.

तुम्ही वाचलेलं इंजेक्शन बहुधा टेनेक्टेप्लेज. जुन्या औषधाची सलाईन तासभर चालवावी लागायची, हे एका दमात शिरेत देता येतं. खानापूर-बेळगाव रस्त्यावर रुग्ण हलवणाऱ्याला या एका गोष्टीची किंमत कळेल. हे औषध पुण्यातही तयार होतं. २०२४ मध्ये चीनमधल्या ५१६ रुग्णांवरचा निकाल आला. मोठी वाहिनी बंद, साडेचार ते २४ तास उलटलेले, स्कॅनवर जिवंत भाग शिल्लक, आणि तार घालायची सोय नाही. म्हणजे नेमकी आपल्यासारख्या भागाची अवस्था. इंजेक्शन मिळालेल्यांतले ३३ टक्के जवळपास पूर्ववत झाले, न मिळालेल्यांतले २४ टक्के. मेंदूत घातक रक्तस्राव मात्र ०.८ टक्क्यांऐवजी ३ टक्क्यांना झाला. शंभरात नऊ जास्त उभे राहिले, दोघांना जास्त इजा झाली.

तेव्हा ‘२४ तास आहेत’ याचा अर्थ ‘उद्या सकाळी निघू’ असा कुणी काढू नये. २४ तासांनी ज्याच्या मेंदूत वाचवण्याजोगं काही उरलंय असा रुग्ण निवडावा लागतो. लवकर आलेल्यात तो सहज सापडतो, उशिरा आलेल्यात शोधून काढावा लागतो.

तुमच्या बाबांचं काय झालं असतं? खरं सांगतो. पहाटे उठवल्यावर कळलं, म्हणजे झटका नेमका कधी आला हे माहीत नाही. पूर्वी अशा रुग्णाला आम्ही सरळ ‘वेळ गेली’ म्हणायचो, कारण घड्याळ शेवटचं बरं दिसल्यापासून, म्हणजे रात्री झोपल्यापासून धरतात. २०१८ मध्ये युरोपातल्या ५०३ रुग्णांवर दाखवलं गेलं की झोपेत झटका आलेल्यांचा एमआरआय करून योग्य रुग्ण निवडले, तर औषधाने बरे होणारे ४२ वरून ५३ टक्क्यांवर जातात. बाबा त्याच सकाळी आले असते तर ते त्या निवडीत बसले असते की नाही, हे त्या सकाळच्या स्कॅनशिवाय कुणी सांगू शकत नाही. मी तर नाहीच सांगणार. तिसऱ्या दिवशी प्रश्न संपला होता, एवढं नक्की. पण झाडपाल्याकडे नेणाऱ्या मामांवर आता चिडून उपयोग नाही. ‘अंगावरनं वारं गेलंय की ओ, जरा थांबून बघूया’ असं सांगणारी माणसं आपल्या प्रत्येक घरात आहेत, आणि ती वाईट नसतात.

ती जिभेखालची कॅप्सूल मात्र मला जास्त छळते, कारण ती आमच्या हातून घडते. निफेडिपिनची कॅप्सूल टोचायची, जिभेखाली पिळायची, दहा मिनिटांत बीपी धाडकन खाली. शिकाऊ डॉक्टर असताना मीही हे केलंय, आणि नातेवाइकांनी हात जोडले की बरंही वाटायचं. बंद पाटाच्या शेतात झिरपा जिवंत ठेवायला वरून दाब लागतो. शरीर मुद्दाम बीपी वाढवतं. तोच आपण काढून घेतो. या पद्धतीविरुद्ध १९९६ पासून लिहिलं जातंय. २०२४ मध्ये चीनमध्ये ॲम्ब्युलन्समध्येच बीपी उतरवून पाहणारी २४०४ रुग्णांची चाचणी झाली. एकूण निकाल सारखाच आला, पण आत डोकावल्यावर काय दिसलं? ज्यांना गुठळीऐवजी मेंदूतली वाहिनी फुटून रक्तस्राव झाला होता (जवळपास निम्मे) त्यांचा फायदा झाला, आणि ज्यांना गुठळी होती त्यांचं नुकसान. दोघांची तोंडं सारखीच वाकडी, दोघांचं बीपी सारखंच चढलेलं. फरक फक्त सीटी सांगतो. म्हणून सीटीआधी घरी बीपीची जादा गोळी नाही, ॲस्पिरिन नाही, चमच्याने पाणी किंवा काढा नाही. काढा श्वासनलिकेत जाऊन न्युमोनिया झालेले रुग्ण मी मोजायचं सोडून दिलंय.

आणि ज्यांना रक्तस्राव झालाय त्यांच्यासाठीही आता हात बांधून बसायची वेळ नाही. २०२३ मध्ये भारतासह १० देशांतल्या ७०३६ रुग्णांवर दाखवलं गेलं की दवाखान्यात पहिल्या तासात बीपी १४०च्या खाली आणणं, साखर आणि ताप आवरणं, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर त्याचा उतारा देणं, एवढ्या साध्या गोष्टी एकत्र केल्या तर अपंगत्व कमी होतं. यातलं फारसं काही परदेशी किंवा महाग नाही.

कन्नड वाक्याबद्दल तुम्ही जरा खजील होऊन लिहिलंय. खजील कशाला? दोन भाषा जाणणाऱ्या मेंदूत स्ट्रोकनंतर त्या एकाच वेगाने परत येतील असं नसतं. बाजारात, कचेरीत वापरलेली भाषा कधी आईच्या भाषेआधी वर येते. हैदराबादमध्ये ६०८ स्ट्रोक रुग्णांचा एक अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला. एकच भाषा बोलणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्क्यांची विचारशक्ती, स्मरण वगैरे नंतर शाबूत राहिलं. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत हे प्रमाण ४० टक्के. बोलणं जाण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखंच. इथे चिठ्ठी टाकलेली नाही, नुसतं निरीक्षण आहे, म्हणून मी यावरून मोठे दावे करणार नाही. पण सीमाभागात भाषेवरून आपण इतकी डोकी तापवून घेतो, त्या डोक्यांना दोन्ही भाषांचा फायदाच होत असावा याची मला मनातून गंमत वाटते. बाबा कन्नडात बोलले तर कन्नडात उत्तर द्या. ‘मराठीत सांगा बघू’ असं टोकू नका.

आता चार महिन्यांनंतर काय करता येतं ते. ‘सहा महिन्यांत जे व्हायचं ते होतं’ हे वाक्य बोलण्याच्या बाबतीत तरी खरं नाही. जर्मनीत सहा महिन्यांहून जुना स्ट्रोक असलेल्या रुग्णांना तीन आठवडे, आठवड्याला किमान १० तास वाचा-उपचार दिले आणि रोजच्या संवादात फरक पडला. दर पंधरवड्याला अर्धा तास असं पुसट करण्यापेक्षा बेळगावात नातेवाइकांकडे तीन आठवडे राहा आणि एकदाच जोर लावा. हाताच्या बाबतीत, मनगट आणि बोटं थोडी जरी उघडायला लागली तर चांगला हात दिवसाचे बरेच तास बांधून ठेवून दुबळ्या हाताकडूनच कामं करून घेण्याची पद्धत आहे. ३ ते ९ महिने झालेल्या २२२ रुग्णांवर ती उपयोगी ठरली. बाबांची बोटं अजून उघडत नाहीत, त्यामुळे आज ती लागू नाही. दोन महिन्यांनी पुन्हा तपासू.

यातही एक कडू निकाल आपल्याच देशाचा. घरच्यांना व्यायाम शिकवून पाठवलं तर अपंगत्व कमी होईल अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर करून पाहिलं. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्के. याचा अर्थ तुम्ही बाबांना चालवू नका असा नाही. सूनबाईंवर सगळा भार टाकून फिजिओथेरपिस्टचे पैसे वाचवता येतात या आमच्या सोयीच्या समजुतीला तो धक्का आहे.

तुम्ही विचारलेलं नाही तरी दोन गोष्टी. दुसरा झटका अडवायचा तर बीपी. एसएमएस, व्हिडिओ आणि पुस्तिकांनी लोक गोळ्या नियमित घेतील का हे भारतात ३१ केंद्रांत, ४२९८ रुग्णांवर बघितलं; पुन्हा झटका येण्यात फरक पडला नाही. मोबाइल वाजून गोळी पोटात जात नाही, कुणीतरी तळहातावर ठेवावी लागते. दुसरं, मीठ. चीनच्या ६०० खेड्यांत निम्म्या गावांना पोटॅशियम मिसळलेलं कमी सोडियमचं मीठ दिलं आणि स्ट्रोक १४ टक्क्यांनी घटले. किडनी नीट असल्याची रक्ततपासणी करूनच ते घरात आणा. खर्डा, लोणचं आणि पापड यांचं मी काय सांगू, माझ्याही ताटात असतात. तंबाखूबद्दल मात्र, निपाणीच्या जवळ राहून सांगतो, माझ्याकडे तडजोड नाही.

आणि तुम्ही दोघे भाऊ चाळिशीकडे चाललात म्हणून : तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोली अडखळते, यातलं एकही दिसलं की १०८ लावा आणि रुग्ण शेवटचा बरा कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा. पाच मिनिटांत आपोआप बरं वाटलं तरी या. त्या छोट्या झटक्यानंतर पहिले २१ दिवस रक्त पातळ ठेवणारी दोन औषधं एकत्र दिल्याने मोठा झटका टळतो, हे २०१३ पासून माहीत आहे. सीमेवरच्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने २०२३ मध्ये आरोग्य योजनेचा निर्णय घेतला तेव्हापासून मी एक नवीनच उशीर बघतोय : कार्ड कुठल्या राज्यात चालेल याची चर्चा करत लोक फाट्यावर उभे. आधी फोन करून विचारा की सीटी चालू आहे का आणि गुठळीचं इंजेक्शन आहे का. जिथून ‘हो’ येईल आणि जे जवळ असेल तिथे जा. कार्ड नंतर बघू.

बाबांना घेऊन याल तेव्हा पहिल्या सीटीची फिल्म आणा, मोबाइलवर काढलेला रिपोर्टचा फोटो नको. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंही आणा, पाला चालू असेल तर तोही. रागावणार नाही.